नदीपलीकडचं ‘आपण’

त्याला सगळे भोंगा म्हणत. सायकलला कर्णा बांधायचा आणि हरवलेलं जनावर, दवाखान्यातले नवे डॉक्टर, बंद राहणारं पाणी, सगळं गावोगाव सांगत फिरायचं. आवाज असा, की ऐकणाऱ्याचे हात कामावरच थबकायचे.

पुढे वेगळ्या प्रांताची चळवळ उभी राहिली. नदी हीच हद्द ठरायची होती. भोंग्याला मागणी पटलेली होती; साध्या दाखल्यासाठी दूरच्या राजधानीतल्या कचेरीत त्यानंही चपला झिजवल्या होत्या. बाजार मात्र पलीकडे भरायचा, अलीकडची माणसं तिथंच भेटायची. म्हणून सभेची हाळी द्यायला तो पूल ओलांडून गेला आणि सवयीनं बोलला, “आपल्याला वेगळं व्हायचंय हो!”

बाजार खदखदून हसला. चहावाला ओरडला, “भोंग्या, आपण सगळेच निघालो, तर वेगळं कुणापासून व्हायचं रे?”

चळवळीचे चिटणीस तापले. “आम्हाला म्हण! आपल्याला म्हटलंस की पलीकडचेही आत येतात.”

भोंगा चाटच पडला. इतकी वर्षं हा शब्द तोंडात घोळवला, पण तो कुठवर पोचतो हे कधी पाहिलंच नव्हतं.

बाजाराच्या कडेलाच त्याच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. तिनं दारातूनच बजावलं, “आम्हाला म्हणालास, की मी बाहेर. मग पाहुण्यासारखं यायचं, ओसरीवर बसायचं, पाणी पिऊन जायचं.”

आजवर तो थेट चुलीपाशी जाऊन भाकरीला हात घालायचा.

पुढच्या बाजारी चिटणीस कर्ण्याशेजारीच उभे राहिले. भोंग्यानं घसा खाकरला. “कचेरी आम्हाला जवळ हवी, वेगळी हवी! उद्या सभा आहे. आपण सर्वांनी यावं!”

चिटणिसांनी मान डोलावली. आदरानं बोलावण्यात काय वावगं होतं?

भोंगा खुशीत बहिणीकडे गेला. ती उंबऱ्यात कंबरेवर हात ठेवून उभी.

“मला आपण म्हणतोस? अहो-जाहोवर आलास? एवढी परकी झाले?”

“ताई, ते आपण नव्हे गं!”

“मग कुठलं?”

“दुसरं. तू आणि मी, दोघं मिळून होतं ते.”

“आणि कचेरी?”

“ती वेगळीच हवी,” तो म्हणाला. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

ती दारातून बाजूला सरली. “आत ये. पण भांडायचं आहे मला, पोटभर.”