कंपनी: आम्ही तिघं

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला आमची छऱ्याची बंदूक आठवते. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास, सातपूरला कारखान्याची शिफ्ट सुटल्यावर आम्ही तिघा फिटरांनी तीन मोडक्या बंदुकांचे सुटे भाग जुळवून ती बनवली होती. दस्ता तर खाटेच्या पायाचा, आणि तेल शिलाई मशीनचं. नेमबाजीच्या स्पर्धेला गेलो, तर फॉर्म घेणारे रिटायर साहेब नाकातून म्हणाले, "बंदुकीच्या कंपनीचं नाव नाही, तर एंट्री नाही." मी पण तस्साच नाकातून म्हणालो, "हे घ्या नाव, साहेब," आणि फॉर्मवर लिहिलं, 'आम्ही तिघं, सातपूर'. मागची रांग फिसकन हसली. साहेबांनी ते खोडलं, मी परत लिहिलं. तिसऱ्यांदा कागद फाटायला आला, तेव्हा त्यांनी चिडून शिक्का हाणला. आमचा नंबर खालून दुसरा आला. पण आज कोणी विचारलं तरी कंपनी तीच सांगेन.