चटणीवरचं कच्चं तेल

आधी बाईंचं सांगते. विश्रामबागेत आमच्या मेसच्या मागच्या गल्लीत त्या राहतात. शाळेतून निवृत्त झाल्यात आणि माझ्यासारख्या शाळा सुटलेल्या बायकांना संध्याकाळी आपल्या पडवीत दहावीचं शिकवतात. त्या नसत्या तर माझं विज्ञानाचं पुस्तक एव्हाना रद्दीत गेलं असतं.

माझं घर पाटणच्याही वर, कोयनेच्या खोऱ्यात. सातवीनंतर शाळा सुटली. आता सांगलीत मुलींच्या मेसमध्ये भाकऱ्या करते. बाईंच्या वर्गात मला सारखी धास्ती, कुणी काही विचारेल आणि आपल्याला येणार नाही. म्हणून भिंतीला टेकून मागंच बसायची.

एकदा बाईंनी विचारलं, "कच्चं तेल कुणी पाहिलंय?"

पहिल्यांदाच मला उत्तर येत होतं. हात वर केला. "आवं बाई, बघायचं काय त्यात? आमी रोज खातो की, चटणीवर घालून."

सगळी पडवी हसत सुटली. शिवणकाम करणारी एक जण म्हणाली, "अगं बया, ही चटणीवर पेट्रोल घालती व्हय?"

बाई जमिनीतून निघणाऱ्या तेलाबद्दल विचारत होत्या, हे मला तेव्हा कळलं. हसले मीही, पण कान तापले होते. दुसऱ्या दिवशी वर्गाला गेले नाही. त्यानंतरही नाही. म्हटलं, आपल्या भाकऱ्याच बऱ्या.

तर एका दुपारी बाईच मेसच्या दारात. "भूक लागलीय. वाढ काहीतरी."

मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. त्यांनी बोटानं चटणीत खळगा केला. "तेल घाल. कच्चं."

मला हसू फुटलं आणि डोळेही भरले.

"चुकलीस कुठं तू? नाव एक, वस्तू दोन. पुस्तकवाल्यांनी चटणी खाल्ली नसेल, त्याला तू काय करणार? उद्याचा धडा तू घ्यायचास."

"मी? न्हाई बाई, मला लय भ्या वाटतंय."

"मग भीत भीत घे."

भाकरी संपेपर्यंत त्यांनी मला सगळं समजावलं, आणि माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

दुसऱ्या संध्याकाळी दुधाची रिकामी पिशवी हातात घेऊन उभी राहिले. म्हटलं, "चटणीवर घालतो ते शेंगांचं, घाण्यातलं. धड्यातलं हे जमिनीच्या पोटातलं, काळं. हे चटणीवर घातलं तर सरळ दवाखाना." पुन्हा हशा झाला. या खेपेला तो मला गोड लागला.

मग जमेल तसं सांगत गेले. ते तेल तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. हलकी वाफ वर चढते, जड खाली राहतं. वर गॅस, मग पेट्रोल, रॉकेल, डिझेल, बुडाला डांबर. त्यातल्याच एका हलक्या भागाचे बारीक तुकडे करतात आणि ते साखळीसारखे एकमेकांत गुंफतात. त्याचे प्लास्टिकचे दाणे होतात. दाणे वितळवून पिशवी, बादली. तशाच साखळ्यांचा दोराही ओढतात, त्याचं कापड.

"आता आपापल्या अंगावर बघा, तेलातनं काय काय आलंय."

ती शिवणकामवाली स्वतःला चाचपू लागली. पॉलिस्टरची साडी, प्लास्टिकच्या बांगड्या, कपाळावरची टिकली, पडवीच्या पायरीवर काढलेली चप्पल. "अगं बया! म्हंजे मी अंगभर तेलच नेसलीय की!"

आणि तिनंच सरकून मला जागा केली. "ये, हितं म्होरं बस. माझ्या काय टाळक्यात शिरत न्हाई, तू सांगत जा."

तेव्हापासून मी पुढं बसते. एक दिवस चुकवलेला नाही.

परीक्षा अजून व्हायचीय, गणिताची धास्ती आहेच. पण बाईंना हल्ली फार वेळ उभं राहवत नाही, बोलता बोलता त्या दाराची चौकट धरतात. मी पास झाले की त्यांना खुर्चीत बसवीन आणि विज्ञानाचा वर्ग मी घेईन. त्यांनी नुसतं बसून माझ्या चुका काढाव्यात. त्यांचं एवढं देणं मी कधी ना कधी फेडणारच.