अक्का बीडला उतरल्या

लग्न होऊन मी वालूरला आले, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात माझ्या नणंदेनं पुण्यात घर बांधलं आणि वास्तुशांतीला आम्हा सगळ्यांना बोलावलं. सासऱ्यांनी नुकतीच लिलावातली एक जुनी डिझेल जीप घेतली होती. बसचं त्यांच्यापुढं नावही काढायची सोय नव्हती. एकदा जालन्याला पाणी प्यायला उतरले, तर बस त्यांना तिथंच टाकून निघून गेली. तेव्हापासून प्रवास म्हणजे शत्रूच्या मुलखात शिरणं, असंच ते धरून चालत.

"रातीच निघायचं, दिवसा उनानं गाडी तापती," मामंजी म्हणाले. "पर इंतजाम पक्का पायजे."

मग त्यांनी ओसरीच्या भिंतीवर कोळशानं रस्ता काढला. सासूबाईंनी ती भिंत पाडव्याला पांढरी केली होती. त्या नुसत्या रस्त्याकडं बघत राहिल्या. पाथरीला चहा. माजलगावला चाकांची हवा बघायची. बीडला डिझेल. नगरला जेवण, त्याआधी कुणी डबा उघडायचा नाही. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं होतं. आज इथं बंद, उद्या तिथं रस्ता अडवलेला. बीडचा पंप बंद निघाला तर काय, म्हणून डिझेलचे कॅन मागं बांधून ठेवले.

एवढं करूनही त्यांचं समाधान होईना. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि सांगितलं, "आज तालीम. बसा गाडीत."

आधी वाटलं, ते चेष्टा करतायत. पण मामंजींनी आयुष्यात कधी चेष्टा केली नव्हती. माझे यजमान स्टिअरिंगवर बसले, शेजारी मामंजी. मागं सासूबाई, मी आणि अक्का. अक्का म्हणजे मामंजींची थोरली बहीण, अंगानं भक्कम आणि भुकेला कच्ची. रात्र वाटावी म्हणून जीपवर चहूबाजूंनी घोंगड्या सोडल्या. बाहेर वैशाखाचं ऊन. आत लोकरीचा आणि डिझेलचा वास, वर माझ्या मांडीवर दशम्यांचा डबा. आम्ही एखाद्या हंडीत शिजायला ठेवल्यासारखे बसलो.

"निघालो," मामंजी म्हणाले. जीप अर्थातच जागची हलली नाही.

थोड्या वेळानं "पाथरी" आली. सगळ्यांनी खाली उतरायचं, चहा प्यायचा, परत बसायचं. चहा मीच चुलीवर केला, म्हणजे पाथरीची टपरी मीच होते. परत येऊन बसलो तेवढ्यात मागची घोंगडी वर झाली आणि गल्लीतले एक म्हातारे धनगरबुवा आत चढले. काखेत कोकरू.

"सेलूला जायलाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"पुण्याला," मामंजी मागं न बघता म्हणाले.

"मंग वाटंत सोडा." बुवा ऐसपैस बसले. गाडीत सावली होती, त्यांची काही तक्रार नव्हती.

"बीड" येईस्तोवर कोकरानं डब्याला बांधलेलं फडकं चघळून भिजवलं होतं. अक्कांचा धीर सुटला.

"मला लय भूक लागली. एक दशमी दे गं."

"नगरला," मामंजी म्हणाले.

"नगर कवा यायचं? गाडी तर हालंना!"

"तालीम म्हंजे तालीम, अक्का. आत्ता बीड हाय."

"बीड हाय का? मग मी बीडलाच उतरते. मला न्हाई यायचं पुण्याला."

आणि अक्का खरंच उतरल्या. घोंगडी बाजूला सारून ताडताड आपल्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली.

मला इतकं हसू आलं की मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. नवी सून, सासऱ्यांसमोर हसायचं कसं? चोरून सासूबाईंकडं पाहिलं, तर त्यांनीही तोच उद्योग केलेला, डोळ्यांतून पाणी वाहायलेलं. आमची नजरानजर झाली आणि दोघी एकमेकींच्या अंगावर कोसळलो. लग्नानंतर त्या घरात मी पहिल्यांदा मोकळी हसले ती त्या घोंगडीखाली.

"काय झालं?" मामंजींनी दरडावलं.

"धक्का बसला, खड्डा होता," सासूबाई म्हणाल्या.

बुवांनी तेवढ्यात विचारलं, "सेलू गेलं का मागं?"

संध्याकाळी मी अक्कांना जेवायला बोलवायला गेले, तर आतून आवाज आला, "मी बीडात हाय. तुमचं तुमी खा." शेवटी मामंजी स्वतः गेले. दाराशी वाकून हळूच म्हणाले, "अक्का, जीप बीडला माघारी आली. चला." कडी निघाली. अक्का जेवायला बसल्या आणि सगळ्या दशम्या खाल्ल्या. सासूबाईंना आणि मला पुन्हा पीठ मळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही खरोखर निघालो. प्रवास इतका सुरळीत झाला की मामंजी नाराज झाले. टपरी उघडी, पंप उघडा, हवा जागच्या जागी. उजाडता पुणं आलं.

"आता कुठं?" यजमानांनी विचारलं.

आमचा कोळशाचा रस्ता पुण्यापाशी संपत होता. जावयांनी सांगितलं होतं, मारुतीच्या देवळामागं घर, कुणीबी दाखवील. पुण्यात मारुती किती, हे वालूरला कुणाला ठाऊक? आम्ही एकेक मारुती बघत फिरलो. प्रत्येक देवळामागं कुणाचं ना कुणाचं घर होतंच, फक्त आमचं नव्हतं. अक्का मात्र खूष. प्रत्येक ठिकाणी उतरून दर्शन घेत होत्या. एवढे देव एका दिवसात त्यांना कधी घडले नव्हते.

दुपार कलायला लागली तेव्हा स्कूटरवरून पत्रावळी घेऊन चाललेले जावई समोर आले आणि आमची जीप बघून थबकले. पूजा होऊन गेली होती. शेवटची पंगत बसायची होती. नणंद दारात आली, वडलांना बघून रडायला लागली आणि रडता रडता ओरडली, "कुठं होतात तुमी सगळे?"

"पुण्यात," मामंजी म्हणाले आणि पाटावर बसले.

त्या दिवशी त्यांनी जिलेबी तीनदा मागून घेतली. पण आता त्यांच्यापुढं जीपचंही नाव काढायची सोय नव्हती, म्हणून माघारी आम्ही रेल्वेनं आलो. जीप यजमानांनी एकट्यानं आणली.