प्रल्हादची साक्ष आणि तहसीलदार नावाचा कोंबडा

हे लिहिण्याची वेळ माझ्यावर आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपने आणली. मी आदिलाबाद जिल्ह्यात भीमपूरकडच्या एका खेड्यात जाऊन आले. तिथे मी बाप्तिस्मा घेतला असं एका भाच्याने ग्रुपवर लिहिलं, आणि भर प्रार्थनेत मी पाळकांशी, म्हणजे तिथल्या पास्टरशी, भांडले असं एका भाचीने. दोन्ही खोटं आहे. भांडले ते प्रल्हादशी, आणि पाण्यात बुडवले ते फक्त पाय. खरं काय झालं ते एकदाच लिहून टाकते. ज्यांना त्या भागात जायचं आहे त्यांना रस्त्याची माहितीही मिळेल.

प्रल्हाद म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, शोभाचा, नवरा. हा गृहस्थ कोंबडे झुंजवायचा. त्या पट्ट्यात थंडीत कोंबडबाजार भरतो. कोंबड्याच्या पायाला काती, म्हणजे बोटभर लांबीचं धारदार पातं, बांधतात आणि भोवती उभे राहून पैजा लावतात. कायद्याने बंदी आहे, म्हणून गावाच्या जरा बाहेर भरतो. प्रल्हादच्या नामांकित कोंबड्याचं नाव होतं तहसीलदार. त्याला भिजवलेले बदाम, कोमट पाण्याची अंघोळ आणि पायांना मालिश. असं सुख मी नोकरीतल्या तहसीलदारांनाही मिळताना पाहिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी शोभाला टायफॉईड झाला. एका सकाळी प्रल्हादने ऑटो बोलावला. तिला वाटलं, आपल्याला दवाखान्यात न्यायला. चपला घालून ती ओट्यावर येऊन बसली. ऑटोत बसला तहसीलदार. त्याची झुंज होती. शोभा तापात दवाखान्यापर्यंत चालत गेली आणि बरी झाल्यावर घरी न जाता परस्पर यवतमाळला माझ्याकडे आली. तेव्हापासून माझ्याकडेच आहे.

दिवाळीनंतर प्रल्हादचे फोन सुरू झाले. "ताई, मी बदललो. प्रभूनं मले पार बदलून टाकलं. शोभीले म्हणा, घरी ये."

शोभाने आठवडाभर ऐकून घेतलं आणि मग मला म्हणाली, "तू जाऊन पाहून ये. पण ऑटोचं त्याला विचारायचं नाही. आठवणही करून द्यायची नाही. चार लोकांसमोर तो आपणहून बोलला तर मी विचार करीन. नाही बोलला तर हा विषय संपला."

मुलींच्या शाळेत मी मुख्याध्यापिका होते, त्यामुळे तपासणीचं काम मला नवीन नाही. धर्म बदलणंही आमच्या घरात नवीन नाही. माझ्या वडिलांनी तरुणपणी बदलला. पांढरे कपडे घालून, माणसांच्या समुद्रात उभं राहून, काय सोडतो आणि काय घेतो हे नीट समजून. आम्ही त्या बळावर शिकलो. प्रल्हादचे वडीलही त्याच गर्दीत होते. त्यांच्या मुलाने आता हे नवीन काय काढलं, असा माझा सूर होता. तो लपवत नाही.

शनिवारी सकाळी निघाले. यवतमाळहून आदिलाबादची बस पांढरकवड्यावरून जाते. तिथून पुढे चौपदरी महामार्ग लागतो, आणि पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्यांवरची अक्षरं गोल होतात. आपल्या एसटीत बाईला राज्याच्या हद्दीपर्यंत अर्धं तिकीट आहे. आदिलाबाद स्टँडवर उतरल्यावर आधी इडली खा. सोबत आल्याची आंबटगोड चटणी देतात, ती दुसऱ्यांदा मागितली तरी तोंड वाकडं करत नाहीत. डिसेंबरात स्वेटर न्याच. तेलंगण म्हणजे उकाडा, अशी समजूत करून गेलात तर कुडकुडाल.

भीमपूरची बस मोजकीच, वेळ आधी विचारून घ्या. तेलंगणाच्या बसमध्ये बायकांना प्रवास फुकट आहे, हे ऐकून मी कंडक्टरबाईपुढे ऐटीत आधारकार्ड धरलं. तिने ते उलटसुलट पाहिलं.

"ये इधर का नहीं है, अम्मा."

"मी बाई आहे ना?" मी म्हटलं.

ती मराठीवर आली. "बाई हाव. पण त्या बाजूच्या हाव." आणि तिने पूर्ण तिकीट फाडलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस. शेवटच्या वेचणीचे पुंजके झाडांवर लोंबत होते. गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर कोंबड्यांच्या निमित्ताने पोलीस जायचे. प्रल्हाद फाट्यावर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, दोन्ही हात जोडलेले.

"वंदनालु, ताई."

"हे काय?"

"आमच्यात असंच म्हणतात आता."

"माझ्यासमोर जयभीम म्हण. तेवढं तरी राहू दे."

"जयभीम, ताई," तो लगेच म्हणाला. हा पहिला बदल. पूर्वी तो उलट उत्तर द्यायचा.

घरात शिरल्या शिरल्या मी तपासणीला लागले. कणगीमागे पाहिलं, गादी उचलली, माठात नाक घातलं. तो दारात उभा राहून पाहत होता.

"काय पाहून राह्यल्या, ताई?"

"बाटली."

"सापडली तं मलेबी सांगजा. कुठं कुठं ठेवल्या होत्या ते आता माह्याबी ध्यानात नाही."

बाटली सापडली नाही. जेवायला ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी होती, स्वतः केलेली. भाकरीचा आकार आंध्र वेगळं होण्यापूर्वीच्या नकाशासारखा होता, पण भाजलेली चांगली होती. संध्याकाळी त्याने मला नदीवर नेलं आणि बाप्तिस्मा कुठे झाला ती जागा दाखवली. पैनगंगेला गुडघाभर पाणी होतं. "एवढ्यात कसा बुडलास?" मी विचारलं. "पाळकांनी दाबलं," तो म्हणाला. चालून पाय भरून आले होते म्हणून मी ते पाण्यात सोडून बसले. भाच्याने ऐकलेला बाप्तिस्मा तो हाच. मी बसले होते तेवढा वेळ प्रल्हादने आपल्या पापांची यादी ऐकवली: मारामाऱ्या, दारू, पोलीस. सगळं अगदी रंगवून. ऑटो त्यात नव्हता.

शेजारच्या सुलोचनाबाईंकडे मी एकटी गेले. चौकशी नेहमी शेजाऱ्याकडे करावी. शेतकरी घर, अंगणात कापसाचा ढीग, दारात तुळस.

"माणूस बदलला का हो खरंच?" मी विचारलं.

"आता काय सांगू बाई. पहिले पेऊन बडबड करे, आता न पेता करते." त्या हसल्या. "पण माह्या सासूचं खुब्याचं हाड मोडलं तं महिनाभर हाच येऊन उचलून बसवे तिले. आमचा धरम येगळा, त्याचा येगळा. आमच्या घरचं कोणी तं उचलत नव्हतं. तिनं शिव्या देल्ल्या तरी येत राह्यला."

"आणि कोंबडे?"

सुलोचनाबाईंची नजर एकदम गोठ्याकडे गेली. मुख्याध्यापिकेला ती नजर ओळखीची असते. मी उठून सरळ गोठ्यात गेले. गव्हाणीमागे डालीखाली, म्हणजे बांबूच्या टोपलीखाली, तहसीलदार होता. तांबडा, मानेवर काळी झाक, एक डोळा गेलेला, तोरा शाबूत.

"मले नका सांगू म्हणे कोणाले," सुलोचनाबाई म्हणाल्या. "रोज येते, दाणे टाकते, बसते अन् जाते. काऊन ठेवला तं त्यालेच ठाऊक."

म्हणजे पास होत आलेला विद्यार्थी बाकाखाली कॉपी घेऊन बसला होता. प्रल्हादला मी काही बोलले नाही.

रविवारी प्रार्थना. पत्र्याची शेड, खाली सतरंज्या, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, ढोलकी आणि गरजेपेक्षा मोठा स्पीकर. पाळक बोथ गावाहून मोटारसायकलवर आले. तेलुगू माणूस, मराठी कापसाच्या बाजारात शिकलेला, त्यामुळे आशीर्वादही भाव सांगितल्यासारखा द्यायचा. गाणी अर्धी तेलुगू, अर्धी मराठी. ढोलकीवाला उत्तम. मग पाळकांनी प्रल्हादला साक्ष द्यायला उभं केलं. साक्ष म्हणजे आपण आधी काय होतो आणि देवाने काय केलं, हे सगळ्यांसमोर सांगणं.

प्रल्हादने माईक हातात घेतला आणि तो फुलला. तो एकटा पंधरा जणांशी लढला होता. पोलीस त्याला पाहून रस्ता बदलत होते. लोक माना डोलावत होते. काहींना साक्ष पाठ होती, ते पुढचं वाक्य आधीच पुटपुटत होते.

"ज्या कोंबड्यापायी मी बरबाद झालो, त्या तहसीलदाराले म्या याच हातानं कापलं अन् गोरगरिबाले खाऊ घातलं!"

"हालेलुया!"

"अन् माही बायको तिकडं यवतमाळले रोज रडून राह्यली! गुडघ्यावर पडून माह्यासाठी प्रार्थना करून राह्यली!"

मी उभी राहिले. "दुरुस्ती आहे."

ढोलकी थांबली. पुढची म्हातारी म्हणाली, "बस न माय खाली, साक्ष चालू हाये."

"साक्ष आहे म्हणूनच उभी आहे. मी शोभाची मोठी बहीण. शोभा रडत नाही. ब्लाऊज शिवते, हाताखाली दोन मुली आहेत, रात्री गाढ झोपते. गुडघे दुखतात, ती खाली बसूच शकत नाही. आणि तहसीलदार जिवंत आहे. काल संध्याकाळी मी त्याला भेटले. तब्येत ठणठणीत आहे."

बायकांच्या बाजूने आधी एक हसली, मग सगळी शेड हसली. पाळकांनी तोंडापुढे रुमाल धरला. एवढंच बोलून मी खाली बसले. ऑटोचा शब्द माझ्या तोंडून गेला नाही, हे शोभाच्या माहितीसाठी इथेही लिहून ठेवते.

हसू ओसरलं तरी प्रल्हाद उभाच होता. पाळकांनी त्याला बसायला सांगितलं नाही आणि पुढचं गाणंही लावलं नाही. तो बोलला तेव्हा आवाज वेगळा होता.

"ताई खरं बोलल्या. कोंबडा जित्ता हाये. सुरी धरली होती, हात चालला नाही. पोलीस माह्यामुळं रस्ता बदलत नव्हते, मीच पळत होतो." त्याने माईक दुसऱ्या हातात घेतला. "मोठे मोठे पाप सांगाले बरं वाटते. एक लहान होतं, ते सांगतलं नाही. तिले टायफॉईड होता. म्या ऑटो सांगतला. ती चप्पल घालून ओट्यावर येऊन बसली. म्या कोंबडा बसवला. ऑटोवाला म्हणे, बाईले बी घेऊ, जागा हाये. म्या म्हणलं, नको. कोंबडा बिचकते."

शेवटचं वाक्य शोभाने मला कधीच सांगितलं नव्हतं. ओट्यावरून तिने ते ऐकलं असणार.

कुणीही हालेलुया म्हटलं नाही. तिथल्या माणसांना तेवढं कळतं. मघाची म्हातारी म्हणाली, "आता झाली तुही साक्ष." प्रल्हाद जाऊन मागे, चपलांजवळ बसला.

नंतर सगळ्यांना भात, वरण आणि टोमॅटोचं सार होतं. सार अप्रतिम, मी तीनदा घेतलं. पाळक शेजारी बसले होते. त्यांच्या ग्रंथातही एक आरवणारा कोंबडा आहे आणि तोही खोटं बोलणाऱ्याच्या वेळी आरवतो, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "असेल. पण हा आरवला नाही, मला उठावं लागलं."

निघताना प्रल्हाद डाली घेऊन फाट्यापर्यंत आला. "शोभीच्या हाती द्या," तो म्हणाला. "ठेवील तं ठेवील, कापील तं कापील. म्या काई म्हणणार नाही." कोंबड्याच्या मानेवरून त्याने एकदा हात फिरवला आणि पाठ करून उभा राहिला. बस येईपर्यंत तो तसाच होता. रडत होता, हे दिसत होतं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

आदिलाबादहून परतीच्या एसटीत कंडक्टर डालीकडे बोट दाखवून म्हणाला, "याचं तिकीट लागते, मॅडम." मी म्हटलं, "अर्धं द्या." तो म्हणाला, "अर्धं बाईले. हा कोंबडा हाये." त्याच्याशी वाद घालायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. जिवंत पक्षी न्यायचा असेल तर सुटे पैसे जवळ ठेवा.

देव आहे असं मला आजही वाटत नाही, आणि यवतमाळला आल्यावर मी एकही गाणं गुणगुणलेलं नाही. पण प्रल्हादला मी पंचवीस वर्षं ओळखते. मी त्याला रागावले, माझ्या वडिलांनी समजावलं, त्याच्या वडिलांनी मारलं. "कोंबडा बिचकते" हे त्याच्या तोंडून आमच्यापैकी कुणालाही काढता आलं नसतं. ते तिथे, त्या पत्र्याखाली निघालं. याचं श्रेय त्या लोकांना द्यायला माझी हरकत नाही. आमच्या ग्रुपची असेल तर त्यांनी आधी शेडमध्ये जाऊन बसावं.

घरी पोचले तेव्हा शोभा ब्लाऊजची बाही कापत होती. मी सगळं सांगितलं.

"बिचकते म्हणाला?"

"म्हणाला."

"माईकवर?"

"माईकवर."

तिने बाही पूर्ण कापली, कात्री ठेवली आणि मग डालीवरचं फडकं काढलं.

आता कुणी कुणाला काय दिलं याची नोंद, म्हणजे ग्रुपवर पुन्हा फाटे फुटायला नकोत.

प्रल्हादने मला दिलं: एक कोंबडा, तांबडा, एका डोळ्याने अधू, जिवंत. फडक्यात गुंडाळलेल्या सगळ्या काती.

मी शोभाला दिलं: वरील सर्व, आणि प्रल्हादचं बोलणं शब्दाला शब्द. तिने मागितलं म्हणून दुसऱ्यांदाही.

शोभाने भंगारवाल्याला दिलं: काती. मोबदला घेतला नाही.

शोभाने आदिलाबाद बसच्या ड्रायव्हरला दिलं, प्रल्हादने स्टँडवर येऊन घेण्यासाठी: तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा. खालच्या कप्प्यात झणझणीत रस्सा, मधल्यात भात, वरच्यात ज्वारीच्या भाकरी. रस्सा कशाचा हे तिने फोनवर सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. निरोप एवढाच दिला: डबा धुऊन ठेव, कुणाच्या हाती पाठवू नकोस, न्यायला मी येते.