तेल नव्हे, अत्तर

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाडच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते. फोन मावसभावाचा, रमेशचा. "ताई, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी खुर्चीत बसले आणि माझ्या तोंडून पहिलं काय बाहेर पडावं? "पण तिनं सहाच्या सहा घेतल्या होत्या रे!" वर्गातल्या मुलींना काही कळेना. रमेशला मात्र कळलं. रडता रडता तोही म्हणाला, "व्हय, सहाच्या सहा." त्याला आता पाच आठवडे झाले. तरी अनसूयामावशीचं नाव निघालं की डोळे भरून येण्याआधी मला तिची ही गोष्ट सांगायची घाई होते. तर सांगतेच.

मावशी पोलादपूर तालुक्यातल्या उमरठची. शेतकरीण बाई, बांधावरून हाक मारली की पलीकडच्या वाडीतून कुणीतरी ओ द्यायचंच. चार वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर निघाला आणि मुंबईच्या हॉस्पिटलात सहा केमो ठरल्या. दोन झाल्या, तेवढ्यात मळमळीनं तिला पार लोळवलं. गोळ्यांनी उलटी थांबायची, मळमळ जायची नाही. पुढे पुढे तर मुंबईची एसटी नुसती दिसली तरी तिच्या पोटात ढवळायला लागे. "मी आता जायची नाय गो," तिनं जाहीर केलं. सहाही पूर्ण झाल्या तर आशा मोठी आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि ही दोनांवरच थांबायला निघाली होती!

मी मुळात उतावळी. पुदिन्याच्या सुगंधी तेलाच्या वासानं मळमळ कमी होते, असं मोबाइलवर वाचलं आणि लगेच बाटली मागवली. उमरठला गेले, पण परतीची एसटी सुटायला आली होती, म्हणून दारातूनच ओरडले, "मावशी, हे तेल! मळमळीवर छान आहे!" आणि पळाले. वास घ्यायचा, एवढंच सांगायचं राहिलं. आता आपल्याकडे तेल हातात आलं की माणूस काय करतो? मावशीचे केस गळून डोकं गुळगुळीत झालेलं. ती जावेला म्हणाली, "मी तान्हं बाळच झालंय गो, भर माजी टाळू." आणि त्या माउलीनं न्हाणीतल्या बाळाची भरतात तशी अख्खी बाटली टाळूवर जिरवली. केमोनं आधीच नाजूक झालेली कातडी ती... पाच मिनिटांत आग आग झाली. पाणी ओतलं तर तेल डोळ्यांत उतरलं. शेवटी जावेनं खोबरेल लावून लावून ते पुसून काढलं. तरी डोक्यावर फोड आलेच, आणि तिसरी केमो डॉक्टरांनी पुढे ढकलली. मला तर तोंड दाखवायची लाज वाटत होती.

फोड दाखवायला मुंबईला नेलं तेव्हा मीही सोबत गेले. तिथल्या सिस्टरनी आधी मला चांगलं झापलं, मग नीट समजावलं. हे तेल नसतं, कडक अर्क असतो. तो तसाच अंगाला लावायचा नाही, पोटात तर थेंबभरही घ्यायचा नाही, आणि पुढे रेडिएशन मिळेल त्या जागेच्या आसपासही न्यायचा नाही. डॉक्टर हो म्हणाले तर कापसावर एक थेंब टाकून नाकापासून वीतभर लांब धरायचा, आणि वास नकोसा झाला की झाकून ठेवायचा. गोळ्या चालूच ठेवायच्या. मळमळ हलकी होईल, आजार नाही. डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. मी हे सगळं वहीत उतरवत होते, तर मावशीनं एकदम टाळीच वाजवली. "म्हंजे ह्ये अत्तर हाय की वो! फाया करायचा! आन ह्या बयेनं मना तेल म्हणून सांगितलं!" सिस्टर हसल्या, मी हसले, आणि किती दिवसांनी मावशी हसली. त्या एका शब्दानं सगळं जागेवर आलं. अत्तर कुणी पीत नाही, कुणी टाळूवर ओतत नाही. मी वही मिटून पिशवीत टाकली.

फोड बरे झाले आणि मावशी एसटीत चढली! कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात फाया ठेवलेला. शेजारच्या बाईला "वास चालंल ना?" असं विचारून मगच ती झाकण उघडायची. माणगाव गेलं, मी तिच्याकडे बघतेय. वडखळ गेलं... "नाय आली गो!" मळमळ पुरती गेली असं नाही, पण सोसवण्याइतकी झाली. तिसरी झाली, चौथी झाली, पाचवीला ती मलाच गाडी चुकवू नकोस म्हणून दटावत होती. सहावी घेऊन पोलादपूरच्या स्टँडवर उतरली आणि "संपल्या गो सगळ्या!" अशी आरोळी ठोकली की महाबळेश्वरच्या गाडीची वाट बघणारे लोक उठून उभे राहिले.

त्यानंतर तिला तीन वर्षं मिळाली. नातू झाला, त्याची टाळू तिनं स्वतः भरली. त्याआधी बाटली माझ्यापुढे धरून म्हणते कशी, "वाचून दाव, खोबरेलच हाय ना?" महाड-पोलादपूर दोन्ही तालुक्यांतल्या केमो घेणाऱ्या बायका तिला फोन करायच्या. "डाक्टरला इचारलंस?" हा तिचा पहिला प्रश्न. कुणी तेलानं गाठ विरघळते असं म्हटलं की ती इतकी भडके की पलीकडची बाई घाबरून जाई. यंदा आजार परत आला, हाडांत. आता अत्तराचा उपयोग नाही हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. मला त्या आजाराचा फार राग आला होता, अजून येतो.

तिचा मोबाइल रमेशनं माझ्याकडे दिलाय, कारण बायकांचे फोन येतात आणि त्याला काय बोलावं ते सुचत नाही. गेल्या आठवड्यात शिवथरहून एका सासूचा फोन आला. सुनेची चौथी केमो होती आणि ती जायला तयार नव्हती. मावशी गेली हे मी त्यांना सांगितलं. त्या हळहळल्या. मग, "आता तिला कोन सांगल?" मी म्हटलं, मी सांगते. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला लावलं, ते हो म्हणाले, मग सुनेला सगळं सांगितलं, घाई न करता. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्या सासूबाईंचा फोन आला. मागे एसटीचा खडखडाट, कंडक्टरची घंटा. "बसलो गो बाय! निघाली गाडी. मावशीला सांगा..."

"सांगते," मी म्हटलं.