काठोकाठ भरलेला गिलास

गिलासमामा एसटीत बसले की आधी पिशवीतून स्टीलचा गिलास काढायचे, बाटलीतलं पाणी त्यात काठोकाठ भरायचे आणि तो हातात धरून बोरी अरबपासून यवतमाळपर्यंत जायचे. प्यायचे नाहीत. पाणी सांडलं की अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "झाली आंघोळ!" त्यांच्या शेजारची सीट बहुधा रिकामीच असायची.

जन्मभर एसटी चालवून मामा निवृत्त झाले होते. पण आमच्या कंपनीने नवा रस्ता केला आणि म्हाताऱ्याला पुन्हा ड्यूटी लागली, गिलास धरून रस्ता तपासायची. मी कंपनीत देखभालीचा सुपरवायझर, त्यात गावचाच. त्यामुळे शिव्या घरपोच मिळायच्या.

एकदा त्यांनी मला चहाच्या हॉटेलात धरलं. "समजावून सांग बरं, हे भागीदारी काय असते?" मी सांगितलं, जागा सरकारची, बांधणार कंपनी, सरकार थोडे पैसे आधी देणार, उरलेले हप्त्यांनी, आणि दहा वर्षं रस्ता नीट ठेवायचा तोही कंपनीनेच. मामांनी शांतपणे भजं मोडलं. "म्हंजे जागा सरकारची, रस्ता तुमचा, अन् कंबर आमची. मंग आमाले भागीदार काहून नाही धरत बे?" सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो, करतो काय!

त्यांचा खरा दावा होता नाल्यावरच्या पुलाशी. पुलाच्या तोंडाशी भराव खचून रस्ता चांगला चार बोटं खाली बसला होता. तपासणीच्या कागदावर मी 'ठीक' लिहून सही ठोकली होती, कारण साहेबांना घाई होती आणि मला नोकरी टिकवायची होती. मामांना हे कुठून कळलं, देव जाणे. तेव्हापासून त्या धक्क्याला माझं नाव पडलं. गाडी तिथे आदळली की मामा ओरडायचे, "आला आपला प्रशांत!" पुढे कंडक्टरही तसंच म्हणायला लागला. एक दिवस माझ्या बायकोने ते ऐकलं. घरी काय झालं ते इथे लिहीत नाही.

"करतो मामा, दिवाळीनंतर नक्की करतो."

"कोन्त्या सालच्या दिवाळीनंतर, थे तं सांग."

उन्हाळ्यात मामा अंगणात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगा पुण्याला, म्हणून भर दुपारी ॲम्ब्युलन्समध्ये त्यांच्याजवळ मीच बसलो. पूल जवळ आला तसा मी ड्रायव्हरला म्हणालो, "हळू घ्या, हळू." त्याने हळूच घेतली. तरी गाडी आदळली आणि मामा असे किंचाळले की माझा हात त्यांच्या हातात असूनही मला तोंड लपवावंसं वाटलं. मग घामाने भिजलेला तो माणूस माझ्याकडे बघून चक्क हसला. "आला ना बे प्रशांत."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांशी भांडलो. नोकरी जाते तर जाऊ दे म्हटलं. भराव उकरला, नवा भरून रोलरने दाबला, वर डांबर टाकलं.

मामा दवाखान्यातून परतले नाहीत. ऑपरेशननंतर आठवड्याने गेले. त्यांना गावाकडे आणताना त्यांची पिशवी माझ्या मांडीवर होती. पुलाअलीकडे मी गिलास काढला, काठोकाठ भरला आणि हातात धरला. पूल कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. एक थेंब सांडला नाही.

चार दिवसांचं काम होतं हो ते.