सहा जण आणि पाच जाकिटे

नोकरीत हाताळलेली बरीच प्रकरणे आता विसरले आहे. कयाकवाल्यांचे प्रकरण मात्र बारीकसारीक तपशिलासह लक्षात आहे, कारण त्यात मी एका निर्दोष माणसाला अटक केली होती.

तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा कार्यभार माझ्याकडे होता. उजनीच्या फुगवट्याचा काही काठ आमच्या हद्दीत येत होता. सोलापूर शहरातल्या हौशी मंडळींचा एक क्लब दर रविवारी तिथे यायचा. टेम्पोवर बांधून कयाक आणायच्या, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या निमुळत्या होड्या. सोबत दोघांची एक कॅनोही असायची. दोन-तीन तास पाण्यात घालवायचे आणि मग काठावरच्या चहाच्या टपरीवर आधीच्या सहलींचे किस्से सांगत बसायचे, असा त्यांचा शिरस्ता होता.

एका रविवारी सहा जण पाण्यात गेले आणि पाचच परत आले. सहावा तिशीतला होता आणि पोहण्यात पटाईत होता. त्याचा मृतदेह एका कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला मिळाला. तो पाण्याबाहेर काढणाराही तो कोळीच.

पाचही जणांचे जबाब जुळत होते. कोळ्याने होड्यांच्या वाटेत जाळे लावले, त्यात अडकून कयाक उलटली. मयताने उकडते म्हणून अंगातले तरंगायचे जाकीट (लाइफ जॅकेट) पाण्यातच काढले होते, ते वाहून गेले. क्लबप्रमुख सुताचे व्यापारी होते. जाकीट काढताना आपण स्वतः पाहिले, असे त्यांनी जबाबात लिहून दिले. त्यात महिनाभरापूर्वी क्लबच्या होड्यांनी कोळ्याचे जाळे फाटले होते आणि "परत आलासा तर बघतोच एकेकाला" असे तो चारचौघांत म्हणाला होता. हेतू होता, जाळे होते, पाच शिकलेले साक्षीदार होते. मयताचे नातेवाईक ठाण्याच्या पायरीवर बसून होते. मी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवून कोळ्याला अटक केली. कोर्टाने पाच दिवसांची पोलीस कोठडी दिली.

कोळी पन्नाशीचा, कमी बोलणारा. चौकशीत तो एकच सांगत राहिला. होडी जाळ्यापासून लांब, वाऱ्याने उलटली. त्या माणसाच्या अंगावर जाकीट सुरुवातीपासूनच नव्हते. तो बुडाला आणि वाहत येऊन जाळ्याला लागला. त्या वेळी तू कुठे होतास, असे मी विचारले. "तेंच्या फुडं," तो म्हणाला. पुढे असलेल्याला मागचे कसे दिसले, असे मला वाटले. खोटे बोलतो आहे असे समजून मी ते म्हणणे बाजूला ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी टपरीवाली बाई ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने तिला बाकावर बसवून ठेवले होते. साहेबबाईंनाच सांगणार म्हणून ती तासभर हलली नाही.

"तुमी वाहून ग्येलेलं जाकीट हुडकताय म्हनं," ती म्हणाली. "ते घावायचं न्हाय. तेंची वली जाकिटं दर आयतवारी माझ्या कुंपणावर वाळत घालते मी. पाचच हायती. त्या दिशीबी पाचच वाळत व्हती."

खरे की खोटे, ते ठरवण्याआधी मी पंचनामा काढून पाहिला. जप्त जाकिटे पाच होती. आम्ही सहावे वाहून गेले असे गृहीत धरले होते. सहावे होते का, हे कोणी विचारलेच नव्हते.

त्याच दुपारी कोळ्याला आणि दोन पंचांना घेऊन मी घटनास्थळी गेले. जागा पाण्यात होती, म्हणून त्याच्याच होडीत बसलो. त्याने दोन्ही वल्ही हातात घेतली आणि माझ्याकडे तोंड करून बसला. वल्ही ओढली तशी होडी त्याच्या पाठीकडच्या दिशेने निघाली.

"तू नेहमी असाच बसतोस?"

"व्हय की. वल्हं वडायचं म्हंजी पाठ फुडं, तोंड मागं. दुसरं कसं बसणार, म्याडम?"

"मग हे मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुमास्नी ठाव आसंल म्हनलं."

मला ठाऊक नव्हते. पुढे होता म्हणूनच त्याला मागच्या सगळ्या होड्या समोर दिसत होत्या.

काठावर आल्यावर मी जप्त केलेली एक कयाक पाण्यात उतरवायला लावली आणि साडीचा ओचा खोचून तिच्यात बसले. त्यात माणूस पुढे तोंड करून, पाय लांब करून बसतो. मागे वळून पाहायचा प्रयत्न केला तशी ती कलली आणि कमरेपर्यंत पाणी आत आले. हवालदाराने धरले म्हणून बरे. पाचही जबाबांप्रमाणे क्लबप्रमुख सर्वांत पुढे होते आणि मयत सर्वांत मागे. मागच्याने जाकीट काढताना क्लबप्रमुखांनी पाहिले, हे आता मला पटेना.

दुसऱ्या दिवशी पाचही जणांना ठाण्यात बोलावले. प्रश्नांची उत्तरे त्यांना पाठ होती, म्हणून मी प्रश्न विचारलेच नाहीत. मागच्या खोलीत गोल खुर्च्या मांडल्या, चहा मागवला आणि सांगितले की मयत कसा माणूस होता ते मला कळायला हवे. टपरीवर सांगता तसे किस्से सांगा.

आधी अवघडले. मग सुरू झाले. व्यापाऱ्यांनी एकदा डुंबणाऱ्या म्हशीला मगर समजून होडी उलटी फिरवली होती, ते निघाले. "म्हैस घाबरली हो बिचारी," कोणीतरी म्हणाले आणि हशा झाला. व्यापारीही हसले. क्लबमधल्या एक शिक्षिका बाई मयताबद्दल सांगू लागल्या. तो सगळ्यांत चांगला पोहायचा. नवा पाहुणा आला की त्याला जाकीट द्यायचा मान त्याचाच असायचा.

"मान म्हणजे?" मी विचारले.

"आमच्यात तशी पद्धत आहे. पाहुणा आला की जो पट्टीचा पोहणारा तो आपलं जाकीट..." एवढे बोलून बाई थांबल्या.

"त्या रविवारी पाहुणा कोण होता?"

क्लबप्रमुख म्हणाले की या गोष्टीचा इथे संबंध नाही. शेजारी बसलेल्या त्यांच्या मेहुण्याने मान खाली घातली. बाई क्लबप्रमुखांकडे वळल्या. "सर, बास आता. वारा सुटला होता. जाळं तर तिथे नव्हतंच. आपण काय लिहून दिलंय ते मला झोपू देत नाही."

पुढे अडचण आली नाही. पाचही जणांचे जबाब मी वेगवेगळ्या खोल्यांत नव्याने घेतले. जाकिटे पाच आहेत हे माहीत असून क्लबप्रमुखांनी मेहुण्याला पाहुणा म्हणून सोबत घेतले आणि मयताने पद्धतीप्रमाणे आपले जाकीट त्याला दिले. ते उघड होऊ नये म्हणून परतीच्या टेम्पोत बसून सगळ्यांनी एक गोष्ट ठरवली, आणि जुन्या भांडणामुळे कोळी आयता सापडला. कोळ्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी कोर्टात दिला, त्याची सुटका झाली आणि क्लबप्रमुखांवर हयगयीने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा दाखल केला. जाकीट देण्यात आमचे काय चुकले, असे त्यांनी मला विचारले. सहावे विकत घेतले नाही, एवढेच, असे मी सांगितले.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. माणूस जबाबात जे लपवतो ते तो मोठेपणा म्हणून गप्पांत सांगून टाकतो, तेव्हा त्याला बोलू द्यावे. आणि साक्षीदार कुठे होता एवढे विचारून थांबू नये, त्याचे तोंड कुणीकडे होते हेही विचारावे. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या फौजदाराकडून मी हा प्रश्न जबाबात लिहून घेतला.

कोळ्याने माझी तक्रार कुठेच केली नाही. केली असती तर मी खरे तेच सांगितले असते. तो चार दिवस कोठडीत होता आणि त्याला तिथे मी ठेवले होते. ते दिवस परत द्यायचे कलम कोणत्याही कायद्यात नाही.